सीडी कॉपी केली, पण भजनं कुठे गेली?

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला साधी सीडी कॉपी करता येऊ नये, ही काही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण माझं झालं ते तुमचं होऊ नये, म्हणून सांगतो.

आमचे आजोबा गावच्या भजनी मंडळात गायचे. काकांनी २००६ साली त्यांच्या कॅसेटवरून ऑडिओ सीडी करून घेतली. पुढे कॅसेट खराब झाली, आजोबाही गेले. राहिली ती एकच सीडी. दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती लावली, आठही फायली सिलेक्ट करून पेन ड्राइव्हवर पेस्ट केल्या. काम फत्ते! होस्टेलवर येऊन बघतो तर एकही वाजेना. प्रत्येक फाईल फक्त ४४ बाइटची. आठ भजनं मिळून ३५२ बाइट! एवढ्यात हा परिच्छेदसुद्धा मावणार नाही.

असं का झालं? ऑडिओ सीडीवर मुळात फायली नसतातच. विंडोजमध्ये दिसणारी ‘सीडीए’ फाईल म्हणजे नुसती चिठ्ठी: गाणं कुठे सुरू होतं आणि केवढं आहे, एवढंच सांगणारी. मी चिठ्ठ्या घेऊन आलो, भजनं सीडीतच राहिली.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि चॅनेल दोन, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. ते ७५ सेक्टरमध्ये विभागलेले असतात, प्रत्येकी २३५२ बाइट. डेटा सीडीच्या नेहमीच्या सेक्टरमध्ये मात्र आपला डेटा २०४८ बाइटच असतो. उरलेले ३०४ बाइट मुख्यतः सेक्टरचा पत्ता आणि चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी खर्च होतात.

इथेच खरी गोम आहे. चुका दुरुस्त करण्याची पहिली पायरी दोन्ही प्रकारांत असते. डेटा सीडीला वर आणखी एक मिळते. तरीही वाचता आलं नाही, तर कॉम्प्युटर सरळ एरर देतो. ऑडिओ सीडीत मात्र हरवलेला नमुना शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरला जातो. यालाच आपण गणितात इंटरपोलेशन म्हणतो. ऐकायला हे छान, पण कॉपी करताना धोक्याचं. चूक राहते आणि कळतही नाही!

म्हणून ऑडिओ सीडी ‘रिप’ करायची असते. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखं सॉफ्टवेअर सिक्युअर मोडमध्ये शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि तरी जमलं नाही तर कुठे गडबड आहे ते रिपोर्टमध्ये लिहितं. जतन करायला ‘फ्लॅक’ फॉरमॅट घ्या. त्यात जागा कमी लागते आणि एकही बिट गळत नाही. एमपी३ नंतर कधीही करता येते, पण एमपी३वरून मूळ आवाज परत मिळत नाही. डेटा सीडी साध्या कॉपीने चालते. फक्त नंतर चेकसम जुळवून बघा.

पुढच्या सुट्टीत गेलो, तर काकांनी सीडी माझ्यासाठी फडक्याने गोल गोल घासून ‘स्वच्छ’ करून ठेवली होती! (सीडी नेहमी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना चरा पडला, तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि सलग डेटा खराब होतो.) सात भजनं बिनचूक आली. आठव्यात एका जागी एरर राहिलीच.

आजीला ऐकवताना आधीच सांगून टाकलं, “आजी, शेवटच्यात एका जागी जरा तुटतंय गं.” ती म्हणाली, “तुटू दे रे. तेवढं मी म्हणते, पाठ आहे मला.”

आणि खरंच, तेवढी ओळ तिने म्हटली. याहून चांगलं इंटरपोलेशन मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी जुन्या सीडी असतील तर याच सुट्टीत काढा. आणि कॉपी झाली असं म्हणण्याआधी, एकदा वाजवून बघा!