गाडी वाकून पाहा

वेंगुर्ले

चि. मृण्मयीस,


शिरोड्याच्या शाळेत रुजू होण्याआधी जुनी गाडी घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. पण फोटो पाठवलेली ती गोवा पासिंगची सनरूफवाली गाडी नको. किंमत कमी दिसते, तरी इथे कायमची आणायची तर एनओसी, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर आलाच. शिवाय तीही खाऱ्या वाऱ्यातच वाढलेली. सनरूफचं म्हणशील, तर आपल्या खळ्यात फणसाखाली गाडी उभी राहणार. पाणी जायच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पावसाळ्यात पाणी थेट आत.

गाडी घाटावरची शोध. कोल्हापूरची एमएच-०९ किंवा सांगलीची एमएच-१० चालेल. राज्य तेच, त्यामुळे कर पुन्हा भरावा लागत नाही. आपल्याकडे मीठ ओलावा धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरच्या पॉलिशवर जाऊ नकोस. स्टेपनी उचलून खालचा खळगा बघ, दरवाजांच्या खालच्या कडांवरून बोट फिरव, चाकांच्या कमानी बघ, गाडी लिफ्टवर घ्यायला लाव. तळाला नुकताच काळा थर मारलेला असेल तर मेस्त्रीला तो ठोकून पाहू दे.

मॉडेल म्हणशील तर माझ्या मते जानेवारी २०१९ नंतरची वॅगनआर. सीट उंच, ताईच्या गुडघ्यांना त्रास नाही, आणि आपल्याकडचा कुठलाही मेस्त्री ती उघडतो. इंजिन १.२ लिटरचं घे. चार माणसं घेऊन आंबोली चढताना फरक कळतो. दुसरी कुठली गाडी बघितलीस तरी डिझेल नको. बीएस-६ डिझेलमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला लांब, सलग धाव लागते, तुझ्या शाळेच्या फेऱ्यांत ती मिळायची नाही.

एका गोष्टीवर मात्र अडून बस. शेजारच्या सीटची एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या वॅगनआरच्या खालच्या मॉडेलांत ती ऐच्छिक होती, म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी एकीत असेल, दुसरीत नसेल. त्या सीटवर ताई बसणार आहे. अलॉय व्हील, मोठा स्क्रीन सोडून दे, पण डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅगची अक्षरं स्वतः वाच. मागच्या काचेला वायपर मिळाला तर उत्तम. आषाढात मागचं काही दिसत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. कोल्हापूरला जायचा दिवस ठरव आणि कळव, मी येतो.

तुझा,
मामा