मालमोटारीच्या डिझेल इंजिनातील गळती व अडखळ : दोष शोधण्याची क्रमवार रीत

ऊसतोडणीच्या हंगामात भरलेली मालमोटार वाटेत उभी राहिली म्हणजे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते. तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो, आणि घाईने बोलावलेला मिस्त्री पुष्कळदा प्रथम इंजेक्शन पंपालाच हात घालतो. हा पंप इंजिनाच्या अत्यंत नाजूक व खर्चिक भागांपैकी एक होय. तो दुरुस्त होऊन येतो आणि चार दिवसांत इंजिन पुन्हा अडखळू लागते. कारण मूळ दोष टाकीजवळच्या एखाद्या पिचलेल्या वायसरात असतो. दोष शोधण्याचा योग्य क्रम ठाऊक असल्यास हा खर्च टळतो. साधा इंजेक्शन पंप असलेल्या ट्रॅक्टरलाही हाच क्रम उपयोगी पडतो.

डिझेलचा मार्ग

डिझेलच्या मार्गाचे तीन भाग पडतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पहिला भाग ओढीचा. फीड पंपापासून फिल्टरमधून इंजेक्शन पंपापर्यंतचा दुसरा भाग हलक्या दाबाचा. तेथून इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या पोलादी नळ्यांचा तिसरा भाग भारी दाबाचा. साध्या पंपाच्या इंजिनात येथील दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलो वा त्याहून अधिक असतो. इंजेक्टरमध्ये उरलेले डिझेल बारीक नळीने परत जाते.

दिसणारी व न दिसणारी गळती

दाबाच्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर येते व ओघळ दिसतो. ओढीच्या भागात मात्र चालू इंजिनात फटीतून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. मालमोटारीची टाकी पंपाहून खाली असल्यामुळे असे वारंवार घडते. बाहेरून सर्व कोरडे दिसते, पण इंजिन ‘हवा धरते’, मिसिंग देते, चढावर बळ सोडते. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी लवकर सुरू होत नाही. म्हणून ‘ओघळ नाही, तेव्हा गळती नाही’ असे समजणे चूक होय.

दिसणारी गळती शोधण्यासाठी इंजिन थंड असताना धुळीचा व तेलाचा थर पुसून काढावा आणि सर्व सांधे कोरडे करावेत. मग इंजिन चालवून कोणता सांधा प्रथम ओला होतो ते पाहावे. सेकंदाला एक थेंब गळला तर आठ तासांत २८,८०० थेंब होतात. २५ थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे डिझेल एक लिटरहून अधिक भरते.

काही गळती इंजिनाच्या आतच होते. ऑइलच्या पट्टीवरील पातळी आपोआप वाढत असेल, ऑइल पातळ झाले असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन चालवू नये. असे ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही.

ओढीच्या भागाची परीक्षा

१. टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असल्यास इंजिन काही वेळ चांगले चालून बंद पडते व झाकण उघडताच पुन्हा चालते.

२. रबरी नळ्यांच्या चिरा, सैल क्लिपा आणि सांध्यांवरील तांब्याचे वायसर तपासावेत. जुना वायसर नुसता आवळून बसत नाही, तो बदलावा. फटीवर साबण किंवा सफेदा लावू नये. त्याचे कण पुढे जाऊन नोझल खराब करतात.

३. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागली की हातपंप मारीत असतानाच स्क्रू आवळावा. हवा काढल्यानंतर पुन्हा पुन्हा येत असेल, तर ओढीच्या भागात फट आहे असे समजावे.

४. शंका उरल्यास स्वच्छ डिझेलचा डबा पंपाहून उंच व पक्का बसवून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी. इंजिन आता नीट चालले तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात आहे हे निश्चित होते.

कोणता सिलिंडर काम करीत नाही?

हवा नसूनही इंजिन अडखळत असेल, तर ते मंद गतीवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट, त्यावर फडके धरून, किंचित सैल करावा व पुन्हा आवळावा. नट सैल करताच आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करीत आहे. आवाज बदलला नाही तर दोष त्याच सिलिंडरचा होय. इंजिन बंद करून त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी अदलाबदल करावा. इंजेक्टरबरोबर दोषही हलला तर इंजेक्टर तपासावयास पाठवावा. दोष जागीच राहिला, तरच व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन व पंप यांकडे वळावे.

दक्षता

भारी दाबाच्या नळीवरून बोट फिरवून गळती कधीही शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. बारीक फवारा कातडीत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी विलंब न लावता रुग्णालयात जावे. गरम इंजिनाजवळ विडी व उघडा दिवा नसावा.

नट सैल करण्याची वरील रीत कॉमन रेल इंजिनावर मुळीच वापरू नये. १ एप्रिल २०२० रोजी बी.एस. ६ मानके लागू झाल्यानंतरच्या, तसेच त्यापूर्वीच्याही काही मोटारींत ही रचना असून तिच्यातील दाब दर चौरस सेंटीमीटरला १,००० किलोहून अधिक असू शकतो. अशी मोटार तज्ज्ञाकडेच न्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील वाहनधारकांना एकत्र बोलावून हवा काढण्याचे व डब्याच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रथम झाकण, मग नळ्या व वायसर, मग फिल्टर, मग इंजेक्टर आणि सर्वांत शेवटी पंप, एवढा क्रम ध्यानात राहिला, तरी पुष्कळ शेतकऱ्यांचा पैसा व ऐन हंगामातील दिवस वाचतील.