स्नानाच्या पाण्याचे माप
(इयत्ता सातवी : विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

उद्देश : घरातील फवारा म्हणजे शॉवर किती पाणी घेतो हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे व त्यावरून त्याची निवड आणि निगा समजून घ्यावी.

साहित्य : लिटरच्या खुणा केलेली बादली, तांब्या, सेकंदकाट्याचे घड्याळ, लिंबू, शहाबादी फरशीचा तुकडा.

प्रस्तावना : सेलू तालुक्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. पायऱ्या उतरून घागर भरणाऱ्यास पाण्याचे माप खांद्यावरील भारानेच कळत असे. नळाची चावी फिरविताच पाणी येऊ लागले आणि ते माप सुटले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, याचे स्मरण द्यावे. २०१९ साली आरंभिलेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.

प्रयोग : फवाऱ्याखाली बादली ठेवून १० लिटर पाणी भरण्यास लागणारे सेकंद मोजावेत. ६० सेकंद लागल्यास मिनिटास १० लिटर, ७५ लागल्यास ८ लिटर, हे त्रैराशिकाने काढून घ्यावे. मिनिटास १० लिटर घेणाऱ्या फवाऱ्याखाली सहा मिनिटे स्नान केल्यास ६० लिटर पाणी जाते. म्हणजे दिवसभराच्या सर्व गरजांसाठी धरलेले पाणी एका स्नानातच संपते ! मिनिटास ६ लिटरचा फवारा असल्यास ३६ लिटर, आणि साबण लावताना तो तीन मिनिटे बंद ठेवल्यास केवळ १८ लिटर लागतील. बचतीचा मोठा वाटा उपकरणाचा नसून चावी बंद करणाऱ्या हाताचा आहे, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

निवड : नवा फवारा घेण्यापूर्वी जुन्याचे माप घ्यावे. ते मुळातच कमी असेल तर खर्च करू नये. तुलनेसाठी एक आकडा सांगावा : अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने फवाऱ्याची कमाल मर्यादा मिनिटास सुमारे ९.५ लिटर ठरविली. खरेदीच्या वेळी वेष्टनावर दोन गोष्टी पाहाव्यात : मिनिटास किती लिटर, व किमान किती दाब. पाण्याची उंची १० मीटर असता दाब सुमारे एक बार असतो. गच्चीवरील टाकीतील पाणी फवाऱ्याहून दोनच मीटर उंच असेल, तर दाब ०.२ बारच मिळेल. पाण्यात हवा मिसळणारे फवारे इतक्या कमी दाबावर बहुधा नीट चालत नाहीत. अशा घरी लहान तोंडाचा व बारीक छिद्रांचा साधा फवारा बरा.

निगा : विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असल्यास छिद्रांत पांढरा क्षार साचतो, धारा वाकड्या पडतात आणि स्नानास वेळ अधिक लागतो. शहाबादी फरशी चुनखडीची असते. तिच्या चुऱ्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे दाखवावेत. छिद्रांतील क्षारही मुख्यतः त्याच जातीचा असल्याने आंबट रसाने विरघळतो. फवारा काढून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात तासभर भिजवावा, जुन्या दातांच्या ब्रशने घासावा व आतील जाळीतील गाळ धुवावा. शौचकूप धुण्याचे ॲसिड कदापि वापरू नये. त्याने हात भाजतात व धातूचा मुलामा जातो. जोडावर गळती असल्यास वॉशर बदलावा आणि आट्यांवर टेप गुंडाळावी.

स्वाध्याय : (१) गळत्या नळाखाली रात्रभर भांडे ठेवून सकाळी पाणी मोजा. महिन्याचा हिशेब काढा. (२) घरातील प्रत्येकाच्या स्नानाचे पाणी आठवडाभर नोंदवा.

शिक्षकांस सूचना : पुष्कळ घरी फवारा नसतो, बादली व तांब्याच असतो. त्या मुलांना आपण मागे आहोत असे वाटू देऊ नये. त्यांनी बादलीचे माप नोंदवावे. वर्गाचा तक्ता पुरा झाल्यावर १५ लिटरच्या एका बादलीत स्नान उरकणारे मूलच या पाठात पहिले आलेले दिसेल. तो तक्ता महिनाभर भिंतीवर राहू द्यावा.