थांबण्याची शिकवण : स्वमग्न बालके आणि आत्मसंयम

केसपेपरच्या रांगेत तीन-चार वर्षांचे स्वमग्न मूल एकाएकी हात सोडवून धावते, दुसऱ्याच्या हातातील वस्तू ओढून घेते, किंचाळते. आणि सभोवतालची मंडळी 'मुलाला वळण नाही' असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. मातेने मान खाली घालावयाची, एवढेच उरते. हा निर्वाळा अन्यायकारक आहे, हे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मनात आलेली ऊर्मी आवरण्याचे काम प्रामुख्याने मेंदूचा कपाळामागील भाग करतो. त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. त्यामुळे या वयात संयम कोणत्याही बालकास अवघडच. सूर्याचे चित्र पाहून 'रात्र' व चंद्राचे पाहून 'दिवस' म्हणावयाचे, या प्रसिद्ध चाचणीत साडेतीन-चार वर्षांची मुले वारंवार अडखळतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ती सहज जमते. स्वमग्न बालकांपैकी अनेकांच्या बाबतीत आणखी भर पडते. 'थोडं थांब' यातील 'थोडं' म्हणजे किती, हे त्यांस उमगत नाही. गर्दी व गोंगाटाने ती आधीच त्रासलेली असतात. आणि हवे ते शब्दांत मागता येत नाही.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. त्यात तीन ते पाच वर्षांची २८ मुले होती. निम्म्या मुलांना दिलेला शब्द आधी पाळण्यात आला, निम्म्यांचा मोडण्यात आला. नंतर समोर मिठाई ठेवून, 'थांबलास तर दुसरी मिळेल' असे सांगितले. शब्द पाळलेल्या गटातील १४ पैकी ९ मुले पूर्ण पंधरा मिनिटे थांबली. दुसऱ्या गटातील केवळ एक. ही मुले स्वमग्न नव्हती, तरीही निष्कर्ष आम्हांस मोलाचा वाटतो. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्यांना तर तो चटकन पटावा : पत गेली की उधारी बंद!

म्हणून थांबणे शिकवावयाचे ते पाच सेकंदांपासून. वाळूचे घड्याळ समोर ठेवावे. वाळू संपताच वस्तू हाती द्यावी, त्यात चालढकल नको. ते जमू लागल्यावरच अवधी वाढवावा. 'आधी हे, मग ते' अशी दोन चित्रे दाखवल्यास पुष्कळ मुलांना पुढे काय होणार ते कळते व अस्वस्थता कमी होते. बोलता न येणाऱ्या बालकास चित्रावर बोट ठेवून मागावयास शिकवावे. मागता आले की ओरबाडण्याचे कारणच बऱ्याच अंशी उरत नाही. रागावणे, मारणे यांतून भय शिकवले जाते, थांबणे नव्हे.

नातलगांस व कर्मचारीवर्गास एक आग्रहाची विनंती. 'सुई टोचणार नाही' असे सांगून सुई टोचू नये. पुढील खेपेस ते मूल दारातच अडून बसते, आणि त्या वेळी त्यास समजावण्यास कोणताही शब्द उरत नाही. टोचावयाची असेल तर चित्र आधी दाखवावे : आधी सुई, मग घर. आणि मग खरोखरच घरी जाऊ द्यावे; मध्ये वजनकाटा आणू नये.