‘चंपा’ ह्या नावाविषयी

फुलांवरून मुलींची नावे ठेवण्याची चाल आपणांकडे फार जुनी आहे. परंतु हल्ली वर्गात ‘चंपा’ असे नाव पुकारले की खसखस पिकते, आणि ते नाव धारण करणारी मुलगी मान खाली घालते. आजीने कौतुकाने ठेवलेल्या नावाची नातीस लाज वाटावी, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून ह्या नावाचा थोडा विचार करू.

संस्कृत ‘चंपक’ प्राकृतातून येता येता मराठीत ‘चाफा’ झाला. जाई, जुई, शेवंती हे शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे मुलींना जसेच्या तसे शोभले. मोगरा पुल्लिंगी, तो बिचारा बाहेरच राहिला. निशिगंधास एक काना देऊन ‘निशिगंधा’ करण्यात आली. चाफ्याच्या बाबतीत मात्र भाषेने जुन्या रूपाकडेच धाव घेतली. हेच फूल मलाया व जावा येथे ‘चेंपाका’ म्हणून ओळखले जाते, आणि तेथेही ते मुलींचे नाव आहे. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्यास ‘मिचेलिया चंपाका’ म्हटले. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची गणना ‘मॅग्नोलिया’त केली, तरी ‘चंपाका’ हा आपला शब्द ढळला नाही. (येथे सोनचाफा समजावा, खुरचाफा मूळचा अमेरिकेतला, केवळ नावापुरता चाफा.)

हसणाऱ्या मुलींनी आपलीही नावे उलगडून पाहावीत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या भाषेतील ‘रोझा’ म्हणजे गुलाबच. ‘सुसान्ना’च्या मुळाशी हिब्रू ‘शोशन्ना’, म्हणजे लिलीचे फूल, आहे. तेव्हा रोझाने चंपेस हसावे, ह्यात अर्थ तो काय?

फूल दिवसभरात सुकते, म्हणून असे नाव नाजूक व दुबळे, असा आक्षेप कोणी घेतात. त्यांनी वसईच्या वाड्यांत पहाटे जाऊन पाहावे. पुरते उजाडण्यापूर्वी बायामाणसे चाफ्याच्या कळ्या खुडीत असतात, कारण दादरच्या बाजारासाठी सकाळची गाडी गाठावयाची असते. ती चुकली की त्या दिवसाची मिळकत बुडाली. मोगरा वजनावर विकतात. सोनचाफा शेकड्याने मोजतात, आणि म्हणून त्याचे एकेक फूल हाताखालून जाते.