राजकन्येची सुट्टी

मुलांनो, ‘रोमन हॉलिडे’ हा इंग्रजी चित्रपट १९५३ साली निघाला. त्यातील राजकन्या अ‍ॅन रोजच्या समारंभांना कंटाळते आणि रोम शहरात एकटीच बाहेर पडते. ब्रॅडली नावाचा बातमीदार तिला ओळखतो, पण तसे दाखवत नाही. दोघे स्कूटरवरून हिंडतात. खूप गमती होतात. प्रेमही जडते. तिची बातमी विकून ब्रॅडलीला भरपूर पैसे मिळाले असते. तरी तो बातमी देत नाही. त्याचा मित्र चोरून काढलेले फोटोही तिलाच देतो. राजकन्या आपल्या कर्तव्याकडे परतते. परीकथेसारखे लग्न होत नाही, तरी लोक हा चित्रपट आजही आवडीने पाहतात. दुसऱ्याचे गुपित ही आपल्याजवळची ठेव असते, हे तो हसवत हसवत सांगतो.

शब्दार्थ : कर्तव्य – फर्ज, ठेव – अमानत.

प्रश्न : ब्रॅडलीने बातमी का दिली नाही?