मंगळवारची संध्याकाळ

मुलांनो, आठवड्याच्या मधल्या दिवशी घरच्या मैदानावर सामना असला, म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातल्या फुटबॉलप्रेमी माणसाचे चित्त सकाळपासून कामात लागत नाही. 7 मे 2019 चा मंगळवार असाच होता. सहाच दिवसांपूर्वी बार्सिलोनाच्या संघाने आपल्या मैदानावर लिव्हरपूलला 3-0 असे नमविले होते. युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जावयाचे, तर नुसती बरोबरी साधावयास तीन गोल हवे होते. आणि प्रतिपक्षाने एक जरी केला, तर पाच! कारण परक्या मैदानावरील गोलाला त्या वेळी अधिक मोल असे. त्यातच सालाह आणि फिर्मिनो हे दोन्ही मोहरे जायबंदी. हिशेबाने पाहता आशेला जागाच नव्हती.

पण अ‍ॅनफील्ड मैदानावरील पायऱ्यापायऱ्यांच्या एका प्रेक्षागाराला 'कॉप' म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पायन कॉप या टेकडीचे. जानेवारी 1900 मधील तेथील लढाईत लिव्हरपूलकडील पुष्कळ तरुण पडले. (त्याच रणभूमीवर जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानी असते.) त्या कॉपवर तांबडा गळपट्टा गुंडाळून घसा बसेपर्यंत गावयाचे, हे कित्येक घराण्यांत बापाकडून मुलाकडे आलेले व्रत आहे. तेव्हा हिशेब कळणाराही त्या दिवशी घरी बसला नाही.

रात्री आठ वाजता सामना सुरू झाला. सातव्या मिनिटाला ओरिगीने पहिला गोल केला. खेळ संपला तेव्हा फलकावर 4-0 असे आकडे होते.